शून्य भरायला दोडामार्गात: रानजायफळाच्या मागे सहा दिवस

दिवस १: तुतारी

आधीच सांगून टाकतो, मी झाडावाला नाही, नकाशेवाला. ठाण्यात बसून दिवसभर स्क्रीनवर पॉलिगॉन, म्हणजे नकाशावरचे बंदिस्त आकार, ओढायचे हा माझा पोटापाण्याचा धंदा, आणि गेलं वर्षभर शनिवार-रविवारी फुकटात चाललंय ते म्हणजे कॉलेजातल्या जुन्या मैत्रिणीच्या एका झाडाचे ठिपके नकाशावर मांडून देणं. ती सिंधुदुर्गात बॉटनी शिकवते, म्हणून आमच्या ग्रुपमध्ये तिचं नाव प्रोफेसरबाई. झाडाचं नाव मिरिस्टिका मॅग्निफिका, गावच्या भाषेत रानजायफळ. जायफळाच्या खानदानातलं, पण श्रीखंडात किसून घालतो ते नव्हे, ते मूळचं इंडोनेशियातलं. हे आपलं पश्चिम घाटातलं, आणि घाटातही कुठेही उगवत नाही, बारा महिने झऱ्याचं पाणी साचून असतं अशाच चिखलात उभं राहतं. अशा जंगलाला मिरिस्टिका स्वॅम्प, म्हणजे मिरिस्टिकाची दलदल, म्हणतात. १९६० मध्ये केरळातनं त्याचं पहिलं वर्णन झालं, मग अशी दलदल कर्नाटकात उत्तर कन्नडकडे सापडली, नव्वदच्या दशकात गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या बांबरच्या निरंकाराच्या रायीत, म्हणजे देवराईत, आणि २०१८ मध्ये महाराष्ट्रात, दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डेला. माझ्या नकाशावरचा सगळ्यात उत्तरेकडचा ठिपका तो. गोव्यात बांबर आणि इथे बांबर्डे, नावं अशी जुळी की शीट भरताना मी दोनदा एकाच्या जागी दुसरं टाकलंय.

तर हा उत्तरेचा ठिपका मी स्क्रीनवर शंभर वेळा झूम करून बघितलेला, झाड मात्र एकदाही नाही. प्रोफेसरबाई एक दिवस फोनवर म्हणाली, अरे तू कसला माणूस आहेस, लग्नपत्रिका छापतोस आणि नवरी बघितली नाहीस. मग काढलं तिकीट.

तुतारी एक्स्प्रेसला ठाण्याला चढलो, रात्रभर साइड अपरला पाय मुडपून, सकाळी चिपळूणला वडापाव, दुपारी सावंतवाडी. प्रोफेसरबाई कुडाळलाच डब्यात आली, हातात टेप, वही, मीठ घातलेल्या कैरीचा डबा आणि एक बाटली. बाटलीत तेल होतं, हातापायाला चोळायचं. दोडामार्गात जानेवारी ते मे माकडतापाचा सीझन, गोचीड चावून होतो, २०१६ मध्ये केर गावाकडे साथ आली होती तेव्हापासून लोक रानात जाताना जपून असतात. मी म्हटलं ठाण्यात मला कोणी हे सांगितलं नव्हतं. म्हणाली म्हणूनच नाही सांगितलं.

संध्याकाळ परवानगीत गेली. एका ऑफिसात दोन तास बाकड्यावर बसलो कारण ज्यांची सही पाहिजे ते साहेब मीटिंगला गेलेले, मग कळलं सही दुसऱ्याच टेबलावर होते. चालायचंच. भेडशीत रूम घेतली, मासे संपले होते, सोलकढी आणि भात खाऊन झोपलो.

दिवस २: बांबर्डे

सकाळी धुकं होतं, काजूला मोहोर आलेला, त्याचा तो किंचित आंबूस वास सगळ्या रस्त्याला. आमच्याबरोबर गावातले एक काका, सत्तरीच्या आसपासचे, अंगात बनियन आणि कमरेला कोयता. त्यांनी आधी विचारलं, "झाडां मोजूक मुंबयसून इलास?" हो म्हटलं. "आणि पगार गावता?" नाही म्हटलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतंय.

राय देवाची. आत जायच्या आधी काकांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, बारा गावच्या बारा वहिवाटीच्या देवाला सांगितलं की ही दोन लेकरं इली आसत, कायेक तोडूचत नाय, फक्त मोजून जातली, त्यांका सांभाळून घे. आणि आम्हाला बजावलं, रायीतलं पानसुद्धा घराक न्हेवचा नाय. २०२१ मध्ये सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली, क्षेत्र २.५९ हेक्टर. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तो पानाचा नियम होता, आणि खरं सांगायचं तर झाडं त्या नियमावर टिकली, कागद मागनं आला.

आत गेलो आणि पहिल्यांदा काय जाणवलं तर गारवा, आणि मग आवाज, म्हणजे आवाज नसणं, फक्त पाणी पाझरण्याचं बारीक चुळचुळ. आणि मग मुळं. मी कांदळवनाचे फोटो बघितलेत, तशीच मुळं, खोडाच्या कंबरेपासून फुटून कमानी करत चिखलात उतरलेली, झाड जणू लुगडं वर धरून पाण्यात उभं आहे. चिखलात हवा नसते, मुळांना श्वास घ्यायला वर यावं लागतं, आणि भुसभुशीत जमिनीत उंच खोड पेलायला टेकू पण लागतो, दोन्ही कामं त्या कमानी करतात. दक्षिणेकडच्या दलदलींत जिम्नाक्रँथेरा म्हणून ह्याचंच एक भावंड असतं, त्याची मुळं जमिनीतून गुडघ्यासारखी वर येऊन परत आत जातात. इथे ते नाही, इथे कमानीवालंच. आणि पानं! हातभर लांब, चामड्यासारखी. बेडोम नावाच्या इंग्रज फॉरेस्ट ऑफिसरने नाव देताना मॅग्निफिका का म्हटलं ते मान वर केल्यावर लगेच कळतं.

मान वर केली आणि तिथेच चूक झाली. डावा पाय गेला तो गुडघ्यापर्यंत. ओढला तर पाय आला, बूट नाही आला. प्रोफेसरबाई आणि मी दोघांनी हात घालून शोधला, खांद्यापर्यंत चिखल, बूट नाहीच. काका मुळावर बसून बघत होते, म्हणाले, "बूट गेलो? देवाक दिलास समजा." मग उरलेला दिवस एका पायात बूट आणि एका पायात प्लास्टिकची पिशवी.

काम सोपं होतं, निदान मला तसं वाटलं. झाडाला टेप गुंडाळायची, घेर लिहायचा, जीपीएसचा ठिपका घ्यायचा. घेर कुठे मोजायचा तर छातीच्या उंचीला, जमिनीपासून १.३७ मीटर, हे सगळ्या फॉरेस्टवाल्यांचं ठरलेलं माप. मी आपला मन लावून मोजत गेलो, ती रोपं मोजत होती. पाच बाय पाच मीटरचा चौकोन दोरीने आखलेला, त्यात सतरा रोपं, अकरा तर अगदी ह्याच सीझनची, बी अजून पायाशी चिकटलेलं. बी केवढं, कोंबडीच्या लहान अंड्याएवढं. ते वाळलं की मेलं. काकांनी सांगितलं की त्यांनी लहानपणी एकदा चोरून दोन बिया नेल्या होत्या, काजूच्या बियांसारख्या उन्हात वाळवून ठेवल्या आणि पावसात पेरल्या, एकपण आली नाही, आई म्हणाली देवाची वस्तू होती ती. प्रोफेसरबाईने मान डोलावली, नंतर मला हळूच म्हणाली, आई बरोबरच होती की रे, कारण वेगळं एवढंच.

रात्री रूमवर तिने माझी वही बघितली आणि कपाळाला हात लावला. "तू १.३७ जमिनीपासून मोजलंस?" हो. "अरे पण तिथे मुळं आहेत!" तेव्हा कळलं, आधारमुळं असलेल्या झाडाचा घेर सगळ्यात वरचं मूळ जिथे खोडाला मिळतं त्याच्या वर मोजायचा असतो. मी अर्ध्या झाडांना मुळांच्या जुडग्याभोवती टेप गुंडाळून आलो होतो, एका झाडाचा घेर तर पिंपळाच्या पाराएवढा लिहिलेला. अख्ख्या दिवसाचे आकडे रद्द.

दिवस ३: परत तेच

उसन्या गमबुटात परत तीच झाडं. लिहिण्यासारखं फार नाही, पाठ दुखली. जीपीएसचं मात्र सांगतो. वर इतकं दाट छत की फोन सॅटेलाइट शोधत बसतो, एक झाड त्याने रायीच्या बाहेर डांबरी रस्त्यावर दाखवलं, एक डोंगराच्या पलीकडे. ऑफिसात आम्ही वीस मीटरची चूक म्हणजे काहीच नाही म्हणून सोडून देतो, इथे वीस मीटरमध्ये झाडाचा मुक्काम चिखलातनं उठून काजूच्या बागेत जातो. शेवटी जुन्या पद्धतीने, मोठ्या दगडापासून पावलं आणि होकायंत्र.

दुपारी डबा खाताना तिने मला माझाच नकाशा समजावला, म्हणजे वर्षभर मी जे करत होतो त्याचा अर्थ. झाड किती धोक्यात आहे हे ठरवायला आययूसीएन ह्या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेची जी पद्धत आहे त्यात दोन मापं येतात. एक, सगळ्यात बाहेरचे ठिपके जोडून जो मोठा पॉलिगॉन होतो त्याचं क्षेत्रफळ. ते ५००० चौरस किलोमीटरच्या खाली असेल तर झाड संकटग्रस्त मानायच्या रांगेत येतं. दुसरं, नकाशावर दोन बाय दोन किलोमीटरची जाळी टाकायची, ज्या चौकोनात झाड आहे ते चौकोन मोजायचे, ते ५०० चौरस किलोमीटरच्या खाली पाहिजे. नुसतं हे पुरत नाही, तुकडे पडलेत का, घट होतेय का तेही बघतात, पण सुरुवात ह्या दोन आकड्यांनी होते.

आता हिशोब करा. एक चौकोन म्हणजे चार चौरस किलोमीटर, म्हणजे ४०० हेक्टर. ही अख्खी वारसा जागा २.५९ हेक्टर, त्यातही दलदल तेवढी झाडाची. म्हणजे माझा एक ठिपका पडला की कागदावर झाडाची जमीन दीडशे पट होते. आणि तो ठिपका सगळ्यात उत्तरेला असल्याने मोठा पॉलिगॉनही वर ताणला जातो, मधली भातं, गावं, रबर, डांबर सगळं पोटात घेऊन. थोडक्यात झाड नवीन ठिकाणी सापडलं ह्या आनंदाच्या बातमीने झाड कागदावर कमी दुर्मिळ होतं. मी म्हटलं मग हे माप चुकीचं आहे. ती म्हणाली चुकीचं नाही, सगळ्या जगातल्या झाडांना, बेडकांना, पक्ष्यांना एकच फूटपट्टी लावायची तर ती जाडीभरडीच असणार, फक्त फूटपट्टीला झाड समजू नये.

त्या फूटपट्टीत अजून एक गोम आहे, नावाची. काही शास्त्रज्ञ ह्या झाडाला वेगळी जात मानतच नाहीत, मिरिस्टिका फॅटुआ ह्या इंडोनेशियाकडच्या जातीचा हा एक प्रकार म्हणतात. तसं धरलं तर पॉलिगॉन मालुकू बेटांपर्यंत जातो आणि दुर्मिळपणाचा विषयच मिटला! इथे चिखलात एकही झाड हललेलं नाही, तरी.

मला तिचं दुसरं एक उत्तर जास्त पटलं. डेबोरा रॅबिनोविट्झ नावाच्या बाईंनी १९८१ मध्ये दुर्मिळपणाचे प्रकार मांडले, तीन प्रश्न विचारून. पसारा मोठा की लहान, जागेची आवडनिवड कडक की सैल, आणि जिथे असेल तिथे भरपूर की तुरळक. त्यातून सात प्रकारे दुर्मिळ होता येतं. आमचं झाड असं की चिखलात उभं राहिलं तर चहूकडे तेच दिसतं, वाटतं ह्याला दुर्मिळ कोण म्हणतो, आणि पन्नास पावलं वर चढलात की एक नाही. म्हणजे दुर्मिळ झाड नाहीच खरं तर, तो चिखल दुर्मिळ आहे.

दिवस ४: शून्य

म्हणून आजचा दिवस चिखल शोधायचा. मी आधीच सॅटेलाइट इमेजवरून दरीच्या तळाला वर्षभर हिरवे दिसणारे पट्टे काढून ठेवले होते, त्यातले जमतील तेवढे व्हाळ चालत बघायचे. व्हाळ म्हणजे ओढा, मला पण आठवडाभराने तोंडात बसला तो शब्द.

पहिला व्हाळ. वरून हिरवागार, खाली उतरलो तर वायंगणी भात. पावसाळ्यानंतर झऱ्याच्या पाण्यावर घेतात ते दुसरं पीक, पोपटी कुणगे पायरीपायरीने खाली गेलेले, बांधावर बगळे. सुंदर, आणि आमच्या कामाचं शून्य. दुसरा व्हाळ, माड-पोफळीची बाग, पाटाने पाणी फिरवलेलं. शून्य. तिसरा, परत पोफळी. चौथ्याला वर उतारावर रबर, ओळीत लावलेलं, प्रत्येक खोडाला वाटी बांधलेली, खाली व्हाळात पाणी होतं पण डबक्यांपुरतं. २०१३ पासून ह्या सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात हायकोर्टाची झाडं तोडायला बंदी आहे, त्याबद्दल प्रत्येक चहाच्या टपरीवर वेगवेगळं मत ऐकायला मिळतं, मी कुठल्याही बाजूला पडत नाही, काजूवाल्याची अडचणही खरी आहे.

पण तिसऱ्या-चौथ्या व्हाळापर्यंत माझ्या डोक्यात उजेड पडला. जिथे जिथे बारमाही पाणी आणि सपाट तळ आहे तिथे तिथे माणूस आधीच पोचलेला आहे, आणि का नाही पोचणार, भाताला आणि पोफळीला नेमकं तेच पाहिजे जे ह्या झाडाला पाहिजे. केरळ-कर्नाटकातही अशा कितीतरी दलदलींची भातशेती आणि सुपारीच्या बागा झाल्या. शंभर-दोनशे वर्षांपूर्वी कोणी आजोबांनी झाडं तोडून मळा केला असेल तर त्यांनी आपली पोरं जगवली, आता त्यांना नावं ठेवून काय. मधे एखादी जागा देवाची होती म्हणून कोयता लागला नाही. म्हणजे मी जो नकाशा झाडाचा म्हणून काढतोय तो बऱ्यापैकी देवस्थानांचा नकाशा आहे.

पाचव्या व्हाळाला जाता आलं नाही. तोंडाशीच एक मावशी केळीची आडवी झालेली बाग दाखवत उभ्या होत्या, रात्री हत्ती येऊन गेलेला. "फुडे जावा नुको, अजून हंयच आसा तो." कर्नाटकातून हत्ती इकडे यायला लागून वीसेक वर्षं झाली, लोकांना आता त्यांचे रस्ते पाठ आहेत. आम्ही मागच्या मागे फिरलो. शीटमध्ये त्या व्हाळापुढे शून्य नाही लिहायचं, रिकामं ठेवायचं. हा फरक तिने मला तीनदा सांगितला, बघून नाही मिळालं ते शून्य, बघितलंच नाही ते रिकामं, आणि बहुतेक लोक दोन्हीला एकच समजून गाळून टाकतात. मीसुद्धा वर्षभर तेच करत होतो. ज्या ओळीत झाड नाही ती ओळ डिलीट, फाइल हलकी होते म्हणून.

मग आणखी दोन व्हाळ, तिथेही काही नाही. संध्याकाळपर्यंत शून्यं सहा, रिकामं एक. पायाला फोड दोन.

दिवस ५: आमच्या व्हाळात आसा जायफळ

काल टपरीवर काकांनी सगळ्यांना विषय सांगून ठेवलेला, त्यामुळे सकाळी सातला एक पोरगा बाइकवर दारात हजर. वीस-बावीसचा, गोव्यात कंपनीत कामाला जातो, आज सुट्टी. "सर, आमच्या व्हाळात आसा जायफळ. मोठां झाड. माझ्या आज्यान दाखवलेलां." प्रोफेसरबाईचे डोळे बघण्यासारखे झाले. नवीन ठिकाण म्हणजे पेपर, आणि आमच्या जाळीत एक चौकोन जास्त.

तासभर चढ-उतार, वाटेत एकदा डोक्यावरून सूं सूं करत धनेशाची जोडी गेली, पंखांचा आवाज आगगाडीसारखा. पोरगा म्हणाला गरूड. इकडे धनेशाला गरूडच म्हणतात. जायफळाच्या ह्या जंगली जातींच्या बियांना त्याच्यासारखा मोठ्या चोचीचा गिऱ्हाईक लागतो, लाल पत्रीसाठी तो फळ गिळतो आणि बी दूर नेऊन टाकतो. अर्थात दूर नेऊन वाळक्या उतारावर टाकलं तर उपयोग शून्य, परत चिखलच सापडायला पाहिजे.

झाड आलं. खरंच मोठं, व्हाळाच्या काठावर, सरळसोट. तिने खाली पडलेलं पान उचललं, उलटं केलं आणि खांदे पडले. पान वीतभर, मागून पांढरट. मुळं साधी, कमानी नाहीत. पोराने उत्साहात सालीला नखाने ओरबाडलं, लालभडक थेंब आला, रक्तासारखा, दोन मिनिटात काळपट झाला. "बगा, रगात! जायफळच मा?" जायफळाच्याच घराण्यातलं होतं, सगळ्यांचंच रक्त लाल, पण आमचं नव्हे. खाली वाळलेलं एक फळ मिळालं, लांबट, तपकिरी लव असलेलं. मिरिस्टिका मलबारिका, रामपत्री. मसाल्यातली रामपत्री म्हणतात ती ह्याचीच, जायपत्रीत भेसळ करायला पण हीच वापरतात, बाजारात बॉम्बे मेस नावाने चालायची. ह्याला चिखलच पाहिजे असा हट्ट नसतो. हेही असुरक्षित जातींच्या यादीत आहे, म्हणजे फुकट गेलो नाही, पण शीट वेगळी.

मला गंमत वाटली ती नावाची. पोराच्या आज्याला रानजायफळ, काकांना रानजायफळ, आणि निमा ॲटेन्युएटा म्हणून तिसरं एक ह्याच घराण्यातलं आहे, त्यालाही लोक रानजायफळच म्हणतात. जुन्या याद्यांत नुसतं रानजायफळ लिहिलेलं असेल तर तीनपैकी कुठलं? माझ्या नकाशात असे दोन ठिपके होते, कोणीतरी ऐकीव माहितीवरून दिलेले. दोन्ही खोडले. पॉलिगॉन लहान झाला, आणि मला उगाच बरं वाटलं.

परतताना त्या पोराच्या घरी चहा. मागच्या परसात बागेतलं खरं जायफळ, कलमाचं, पिवळं फळ उकलून आत लाल जाळी. त्याच्या बाबांची तक्रार भारी होती. आधी बियांची पाच रोपं लावली, सात वर्षं पाणी घातलं, तीन नर निघाली. ह्या घराण्यात नर वेगळा मादी वेगळी, फुलायच्या आधी कळत नाही. म्हणून आता कलमं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तर कोकण संयुक्ता काढलंय, ज्यात एकाच झाडावर दोन्ही फुलं येतात. प्रोफेसरबाई एकदम गंभीर झाली. म्हणाली आमची अडचण तीच आहे बाबा, आम्ही रायीत झाडं मोजतो, त्यातली फळं धरणारी किती ते फुलल्याशिवाय कसं सांगू, आणि त्यांना सात वर्षं पाणी घालायला पण कोणी नको आहे. बाबांना ते पटलं की नाही माहीत नाही, पण त्यांनी तिला पिशवीभर जायफळं दिली.

दिवस ६: वेंगुर्ला, आणि नंतरचं

ट्रेन रात्रीची, म्हणून सकाळी सामान उचलून वेंगुर्ल्याला. कामाचा काही संबंध नाही, मला समुद्र बघायचा होता आणि पाच दिवसांत मासा मिळाला नव्हता. मांडवीच्या खाडीत बचत गटाच्या बायका होडीतनं कांदळवन दाखवतात, तिथे बसलो. वल्हवणाऱ्या ताईंनी कांदळाच्या कमानी दाखवून सांगायला सुरुवात केली की चिखलात हवा नाय म्हणान मुळां भायर येतत, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. इथे खारं, तिथे गोडं, अडचण एकच, उपाय एकच. ताईंना वाटलं आम्ही त्यांना हसतोय. मग बांबर्ड्याचे फोटो दाखवले, त्यांनी फोन हातात घेऊन झूम करून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यां झाड दर्याकडसून चलत थंय गेलां की काय?" मग सुरमईची थाळी.

ट्रेनमध्ये मी नकाशा नव्याने केला. ठिपका तोच एक, जाळीतला चौकोन तोच एक, पण आता भोवती सहा पोकळ गोल आहेत आणि एक प्रश्नचिन्ह. मला तो नकाशा आधीच्यापेक्षा आवडला.

निघताना काकांनी एक सूचना केली होती, ती सगळ्यात कामाची. म्हणाले तुम्ही व्हाळ कितीसे चालणार, गुराखी आणि जळणाक जाणाऱ्या बायका रोज चालतात, त्यांना पान दाखवा. म्हणून ठाण्याला आल्यावर वीस कार्डं लॅमिनेट केली, तिन्ही रानजायफळांच्या पानांचे खऱ्या मापाचे फोटो शेजारी शेजारी, मॅग्निफिकाचं पान कार्डात मावेना म्हणून ते घडी करून मागच्या बाजूला गेलंय. खाली प्रोफेसरबाईचा व्हॉट्सॲप नंबर.

पहिला फोटो आठ दिवसांनी आला. हातात धरलेलं हातभर पान, मागे कोणाचा तरी हसरा चेहरा, खाली मेसेज, "ह्यां काय?" तिने बघितला आणि सरळ फोनच लावला. बिब्ब्याचं होतं. म्हणाली पान आधी खाली टाक, साबणाने हात धू, खोबरेल लाव, आणि तोंडाला हात लावू नको. आता रोज एक-दोन फोटो येतात. आतापर्यंत बिब्बा तीन, साग दोन, फणस एक.